पुस्तकात वीस अंश, अलिबागेत तीस

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेला फोटोग्राफीच्या इतिहासात कुणी जागा देत नाही. द्यायला हवी. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार म्हणून तिथल्या कुलाबा वेधशाळेचं चुंबकीय नोंदींचं काम १९०४ मध्ये अलिबागला आलं. पृथ्वीच्या चुंबकत्वाचे चढउतार इथे फोटोच्या कागदावर टिपले जात. आरशावरून परतणारा प्रकाशाचा ठिपका फिरत्या ड्रमवरच्या कागदावर रेघ ओढत जाई आणि तो कागद अंधारात धुतल्यावर ती रेघ दिसे. म्हणजे कोकणच्या दमट हवेत हे काम दशकानुदशकं नेमाने चाललं. हेतू शास्त्राचा होता, पण शिस्त डार्करूमचीच.

आज फिल्म पुन्हा तरुणांच्या हातात आली आहे, पण ती शिस्त आलेली नाही. मांडव्याच्या बोटीतून उतरणाऱ्या काहींच्या गळ्यात आजोबांचा कॅमेरा असतो. रोल मुंबईच्या लॅबकडे जातो, स्कॅन फोनवर येतात आणि गोष्ट तिथेच संपते. निगेटिव्ह पाकिटातून बाहेरही निघत नाही. या पुनरुज्जीवनातली खरी उणीव ही आहे. फिल्म वापरणारे वाढले, पण स्वतः प्रिंट काढणारे फार थोडे. कृष्णधवल फोटोग्राफीतला अर्धा विचार तर एनलार्जरखालीच होतो. अमेरिकन फोटोग्राफर अॅन्सेल अॅडम्सने १९४१ मध्ये टिपलेल्या ‘मूनराइज, हर्नांडेझ’ या फोटोचं उदाहरण प्रसिद्ध आहे. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात ढगांच्या फिकट रेषा दिसतात, तर पुढच्या दशकांतल्या प्रिंटमध्ये तेच आकाश जवळजवळ काळं होतं. निगेटिव्ह तीच होती, बदलली ती छापणाऱ्याची नजर.

छापणाऱ्याच्या नजरेची हीच कसोटी अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावर लावून पाहावी. ओहोटीला चालत गेलं की समोर तटाचे प्रचंड दगड येतात. कित्येक ठिकाणी ते चुन्याशिवाय, नुसते एकावर एक रचलेले आहेत. दोन दगडांमधली फट म्हणजे काळ्यातला काळा आणि खाली फुटणारा फेस म्हणजे कागदाचा निव्वळ पांढरा. स्कॅनमध्ये आकाश चांगलं दिसावं म्हणून तट सरसकट काळा केला जातो. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या बहुतेक फोटोंचं हेच होतं, जंजिऱ्याचं तर हमखास: मावळता सूर्य आणि पुढे काळी आकृती. हाताने छापणारा मात्र आधी कागदाच्या पट्टीवर पाच-पाच सेकंदांच्या पायऱ्या पाडतो. मग तटावर हाताची सावली हलती ठेवून तो भाग वाचवतो आणि पुठ्ठ्याच्या भोकातून आकाशाला जास्तीचा प्रकाश देतो. हात स्थिर राहिला की सावलीची कड उमटते आणि प्रिंट फुकट जाते. फटीतला काळा आणि दगडाचा काळा वेगळे दिसेपर्यंत हे चालू राहतं. हे कुणाच्या तरी शेजारी उभं राहून शिकावं लागतं, ही पहिली अडचण.

फोटोग्राफर केतकी शेठ यांचं ‘अ सर्टन ग्रेस’ हे भारतातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दींवरचं कृष्णधवल पुस्तक २०१३ मध्ये आलं. ज्या किनाऱ्यावर जंजिऱ्याच्या सिद्दींचं राज्य १९४८ पर्यंत होतं, तिथल्या शिकाऊ फोटोग्राफरने ते समोर ठेवावं. सावळ्या-काळ्या कांतीतल्या करड्या छटा राखणं हे कृष्णधवल छपाईतलं अवघड काम आहे. चेहरा उगाच उजळ केला की माणूसच हरवतो.

दुसरी अडचण हवेची. बहुतेक पुस्तकं थंड देशांत लिहिली गेली आणि त्यांतलं डेव्हलपरचं तापमान वीस अंश. इल्फर्डच्या हिशेबाने वीस अंशांना चार मिनिटं लागत असतील, तर तेविसाला तीनच पुरतात. मे महिन्यात अलिबागेत नळाचं पाणी तिशीच्या आसपास असतं. तिथे वेळ इतका आखडतो की फिल्म सारखी धुतली जात नाही आणि ओलं जिलेटिनही मऊ पडतं. उपाय अवघड नाहीत. डेव्हलपर जास्त पातळ करावा, डबा बर्फाच्या पाण्यात उभा ठेवावा, फिक्सरमध्ये (हायपोत) तुरटीचं हार्डनर घालावं. धुण्याच्या पाण्यासकट सगळी द्रावणं एकाच तापमानाची ठेवावीत, नाहीतर जिलेटिनला सुरकुत्या पडतात. मासळीच्या बंदरांवर बर्फाला तोटा नाही. पावसाळ्यात निगेटिव्हला बुरशी धरते, ती सिलिका जेलच्या हवाबंद डब्याने टळते. असं कोकणी कोष्टक प्रत्येक नवशिक्याला पहिल्या दिवशी मिळायला हवं.

माल हा तिसरा प्रश्न. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ छापाचा माल देशी होता. तो कारखाना बंद पडला आणि आता कागद इंग्लंड किंवा चेकियातून येतो. महागड्या कागदावर चुका करायला विद्यार्थी कचरतो, आणि चुका केल्याशिवाय ही कला येत नाही. म्हणून सामाईक डार्करूम हवी. मुंबईत १८५५ मध्येच एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला होता. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७ पासून आहे. गोव्यात ‘गोवा सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह फोटोग्राफी’ने हाताने छापण्याच्या जुन्या पद्धती शिकवल्या. ‘द गिल्ड’सारखी गॅलरीही मुंबईहून अलिबागजवळ आली आहे. भिंतीवर चित्रं लावण्याची सोय झाली, तशी ती छापण्याचीही व्हावी. जुन्या स्टुडिओंच्या माळ्यावर पडलेला एखादा एनलार्जर, तीन ट्रे, लाल दिवा आणि वाहतं पाणी एवढ्यावर सुरुवात होते. पहिला वर्ग डिसेंबरात घ्यावा: तेव्हा पाणी थंड असतं, हवा कोरडी असते आणि पावसाळ्याच्या आत दोन-तीन जण तरी स्वतःच्या हाताने छापू लागतील.