नेम धरणारा आणि होडी धरणारा

टॉमस ईकिन्स (१८४४–१९१६) या अमेरिकन चित्रकाराचे एक शिकारीचे चित्र येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात आहे. मी ते छापील प्रतीतच पाहिले. पण तेव्हापासून ते माझा पिच्छा सोडीत नाही. चित्र १८७६ सालचे. डेलावेअर नदीकाठची दलदल, उंच गवत, आणि त्यात एक सपाट बुडाची होडी. लाल सदऱ्यातला विल शुस्टर बंदूक रोखून उभा आहे. होडीच्या मागच्या टोकाशी लांब काठी घेऊन एक काळा माणूस उभा आहे. पक्षी कोठेच दिसत नाही.

या शिकारीची रीत कळल्याखेरीज चित्राचे मर्म कळत नाही. रेल हा पाणकोंबडीच्या कुळातला पक्षी. तो गवतात दडून राहतो, सहसा उडत नाही. शरद ऋतूत भरतीचे पाणी दलदलीत चढले की होडी गवतातून रेटीत नेता येते आणि पक्ष्याला उडावेच लागते. बंदूकवाला उभ्यानेच नेम धरतो. त्या क्षणी होडी डचमळली तर बार फुकट! म्हणजे नेम एकाचा नव्हे, दोघांचा.

ईकिन्सने हाच क्षण पकडला आहे. पॅरिसमध्ये जेरोमच्या हाताखाली शिकलेल्या, शरीररचनेचा कसून अभ्यास केलेल्या या चित्रकाराने काठीवाल्याच्या देहातला ताण शुस्टरच्या ताणाइतक्याच कसोशीने रंगविला आहे. त्या काळच्या पुष्कळ अमेरिकन चित्रांत काळा माणूस हसण्यापुरता येई. येथे तो आपल्या कामात गढलेला कसबी माणूस आहे.

येथवर मी खूष होतो. मग शीर्षकाकडे लक्ष गेले : ‘विल शुस्टर आणि ब्लॅकमन शिकारीला निघाले आहेत’. ब्लॅकमन हे आडनाव, की नुसता कातडीचा रंग? शीर्षकावरून ते ठरत नाही. गुलामगिरी कायद्याने संपून अकरा वर्षे झाली होती, आणि ईकिन्सच्याच फिलाडेल्फियात स्वातंत्र्याच्या शताब्दीचे जंगी प्रदर्शन भरले होते!

चित्र पाहावे, शीर्षक सोडून द्यावे, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. ईकिन्सच्या डोळ्यांनी जी बरोबरी पाहिली, ती शीर्षकाच्या शब्दांत उतरली असे खात्रीने म्हणता येत नाही. तथापि डोळ्यांची ती साक्ष खोटी नव्हे. म्हणूनच ‘हा माणूस कोण?’ हा प्रश्न आपल्याला पडतो. रंगविताना त्याला माणूस केले नसते, तर त्याचे नाव विचारावेसे तरी कोणाला वाटले असते?