नभोवाणी केंद्रांची संकेताक्षरे : घोषवाक्य, मालकी आणि विस्मृती

अमेरिकेतील नभोवाणी केंद्रांच्या संकेताक्षरांविषयी जे लोकप्रिय लेखन झाले, त्याचा भर अक्षरांमागील घोषवाक्ये उलगडण्यावर राहिला. ही रीत रंजक असली तरी अपुरी आहे. ही अक्षरे मुळात नावे नव्हतीच. बिनतारी संदेश देणारी जहाजे व किनाऱ्यावरील केंद्रे ओळखण्याची ती शासकीय खूण होती. १९१२ च्या लंडन परिषदेनंतर झालेल्या आंतरराष्ट्रीय वाटपात अमेरिकेच्या वाट्याला 'डब्ल्यू'चा संपूर्ण गट आला. 'के'चा गट मात्र 'केडीए'पासून पुढचाच मिळाला. पिट्सबर्गच्या 'केडीकेए'ला १९२० मध्ये मिळालेली अक्षरे जहाजांसाठीच्या क्रमवार यादीतली होती. त्यांत अर्थ शोधणे व्यर्थ. १९२३ मध्ये मिसिसिपी नदी ही 'के' आणि 'डब्ल्यू' यांची सीमा ठरली, तरी पूर्वेकडील या केंद्राचा 'के' कायम राहिला.

अर्थ आला तो जाहिरातीबरोबर. १९२४ मध्ये शिकागोत 'ट्रिब्यून'ने 'डब्ल्यूजीएन' म्हणजे 'जगातील सर्वश्रेष्ठ वृत्तपत्र' असे मिरवले, तर सिअर्स कंपनीने 'डब्ल्यूएलएस'मधून 'जगातील सर्वात मोठे दुकान' सुचवले. (दोन्ही दावे एकाच शहरातले, हे लक्षणीय!) सिअर्सने १९२८ मध्ये केंद्र विकले, अक्षरे तशीच राहिली. दुकान गेले, पाटी उरली. पुढे १९६० मध्ये त्याच अक्षरांखाली रॉक संगीत सुरू झाले, तेव्हा दुकानाची आठवण कोणाला बोचली नाही.

घोषवाक्यांच्या यादीत न्यूयॉर्कचे 'डब्ल्यूईव्हीडी'ही सहज ओवले जाते. येथेच त्या पद्धतीचा खरा दोष उघड होतो. १९२७ मध्ये समाजवादी पक्षाने सुरू केलेल्या या केंद्राची अक्षरे विक्रीसाठी नव्हती. आदल्याच वर्षी निवर्तलेले कामगार नेते यूजीन व्हिक्टर डेब्स यांची ती आद्याक्षरे होती. युद्धविरोधी भाषणासाठी तुरुंगवास भोगलेल्या माणसाचे नाव केंद्राच्या प्रत्येक ओळखघोषणेतून प्रसारित होत राहिले. पुढे यिद्दिश वृत्तपत्र 'फॉरव्हर्ट्स'ने केंद्र सांभाळले आणि अनेक स्थलांतरित समाजांच्या भाषांना तेथे जागा मिळाली. डेब्स यांची आद्याक्षरे मात्र मालकीच्या या बदलानंतरही टिकली.

दुकानाची जाहिरात आणि चळवळीचे स्मारक यांना एकाच मापाने मोजणारे लेखन या अक्षरांचा पुढील प्रवास समजावू शकत नाही. २००१ मध्ये हे केंद्र क्रीडावाहिनी ईएसपीएनकडे गेले आणि २००३ मध्ये त्याची अक्षरे 'डब्ल्यूईपीएन' झाली. पहिली दोन अक्षरे तीच राहिली. डेब्स यांचे मधले आणि शेवटचे आद्याक्षर तेवढे गळाले.