जगलेल्या भ्रूणाची साक्ष

वालधुनी कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते, आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतले सांडपाणीही अखेर कल्याणच्या खाडीकडेच जाते. अशा सांडपाण्यासाठी आपल्या कायद्यात एक जैविक कसोटी आहे. १९९३ साली पर्यावरण संरक्षण नियमांना जोडलेल्या सर्वसाधारण मानकांनुसार, विरळ न केलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत असले पाहिजेत. मासा जगला की मेला, एवढेच ती विचारते.

मोठ्या माशांऐवजी भ्रूण वापरणे ही सुधारणा मानली जाते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१३ साली स्वीकारलेली २३६ क्रमांकाची मार्गदर्शिका त्यासाठीच आहे. झेब्रा माशाची नुकतीच फलित झालेली अंडी रसायनात ९६ तास ठेवायची आणि मृत्यूच्या चार खुणा पाहायच्या: अंडे साकळणे, कायखंड न बनणे, शेपूट बलकापासून सुटी न होणे, हृदयाचे ठोके न दिसणे. अंडे पारदर्शक असल्याने हे सूक्ष्मदर्शकातून सहज दिसते. (हा मासा आपल्याकडचाच. हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातील माशांबरोबर त्याचे वर्णन केले.) पद्धत सुबक आहे, माशांचे हालही टळतात. आमचा आक्षेप आहे तो भ्रूणातील विकरांविषयी.

पुष्कळ रसायने मुळात फारशी विषारी नसतात. शरीरातील विकरे, म्हणजे एन्झाइमे, त्यांचे रूपांतर करतात तेव्हा विष तयार होते. ॲलिल अल्कोहोलचेच पाहा. मोठ्या माशात अल्कोहोल डीहायड्रोजिनेज हे विकर त्यापासून ॲक्रोलीन बनवते, आणि ते जहाल असते. झेब्रा माशाच्या कोवळ्या भ्रूणात या विकराची क्रिया अगदी क्षीण असते, त्यामुळे मोठा मासा मरेल त्याहून कितीतरी जास्त मात्रा भ्रूण सोसतो. संशोधकांनी या विकराचे जनुक भ्रूणात मुद्दाम अधिक कार्यरत केले, तेव्हा तेच ॲलिल अल्कोहोल त्याला जास्त बाधू लागले. याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा?

उलट, सायटोक्रोम पी-४५० घराण्यातील काही विकरे भ्रूणातही लवकर कामाला लागतात. त्यांतल्या एकाची क्रिया मोजणे सोपे आहे: इथॉक्सीरिसोरुफिन दिले की विकर त्याचे रिसोरुफिन करते, आणि त्याची लालसर चमक मोजता येते. मात्र भ्रूणाच्या वयाप्रमाणे ही क्रिया बदलते. अंडे फुटण्यापूर्वीचा आकडा नंतरच्या आकड्याशेजारी ठेवून निष्कर्ष काढणे आम्हाला धाडसाचे वाटते. क्रिया वाढली म्हणजे विषबाधा झाली, असेही नाही. कित्येकदा ती रसायन शरीराबाहेर टाकण्याची तयारी असते.

रंग आणि औषधे यांच्या कारखान्यांचे पाणी जिथे एकत्र येते, तिथे 'भ्रूण जगले' एवढ्या शेऱ्यावर विसंबणे बरे नव्हे. चाचणी टाकून द्यावी असे आम्ही म्हणत नाही. मृतांच्या टक्केवारीबरोबर भ्रूणाचे वय आणि मोजलेल्या विकरांची क्रिया अहवालात असावी. शंका असेल तिथे यकृतातून वेगळी काढलेली विकरे रसायनाबरोबर पाण्यात घालून चाचणी पुन्हा करावी. उंदराच्या यकृतापासून मिळवलेली विकरे वापरून प्रयोगशाळांत हे पूर्वीच करून पाहिलेले आहे.