सातवीनंतरची उर्दू

उर्दू वाचवा, अशी हाक देणारे लेख आपल्याकडे पुष्कळ निघतात. त्यांत गझल असते, मुशायरा असतो, गंगा-जमनी तहजीब असते. शाळेचे वेळापत्रक मात्र नसते. दुसरीकडे, महाराष्ट्रातील मुसलमानाची मातृभाषा मराठीच, तेव्हा उर्दूचा प्रश्न त्याचा नव्हेच, असे आपल्यातील काही ज्येष्ठ लेखक ठासून सांगतात. दोन्ही पक्ष एकमेकांशी हिरिरीने भांडतात. आठवीच्या वर्गात डोकावायला कुणी तयार नाही.

आधी कायद्याची भाषा पाहू. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५० क आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिकण्याची सोय त्याने सांगितली, पण ती प्राथमिक टप्प्यापुरती. कवितेतल्या एका शब्दावर पानेच्या पाने लिहिणारे आपण, या ‘प्राथमिक’ शब्दापाशी कधी थांबलो का? जिल्हा परिषदेच्या कित्येक उर्दू शाळा सातवीला संपतात. गावात उर्दू हायस्कूल नसेल तर मूल मराठी हायस्कुलात जाते, आणि मुलगी असेल तर पुष्कळदा घरी बसते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मातृभाषेला ‘शक्य असेल तेथवर’ अशी पुस्ती जोडली, आणि तो कायदाही चौदाव्या वर्षी हात सोडतो. २०२० चे राष्ट्रीय धोरण आठवीपर्यंत इच्छा व्यक्त करते. इच्छाच ती.

माध्यमिक शाळांसाठी काहीच ठरले नव्हते असे नाही. १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेने वरच्या चार इयत्तांत मिळून ६० आणि प्रत्येक वर्गात १५ विद्यार्थी असतील तर सोय करावी, असे मान्य केले होते. पण मागणी नोंदवायची कशी? मराठी हायस्कुलात हिंदीच्या जोडीला ५० गुणांचा संयुक्त विषय घेता येतो. मंडळाच्या यादीत तेथे उर्दूही आहे, पण शाळेत शिक्षक असतो संस्कृतचा. मुख्याध्यापक म्हणतात, शिक्षक नाही म्हणून विषय नाही. विषय नाही म्हणून पालक लिहीत नाहीत. पालकांनी लिहिले नाही म्हणून मागणी नाही, आणि मागणी नाही म्हणून पद नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा निर्णय आला. जूनमध्ये तो सुधारून, हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असल्यास वर्गात किमान २० विद्यार्थी हवेत अशी अट घातली गेली, आणि महिना संपण्याआधी सगळेच मागे घेतले गेले. एवढ्या गदारोळात उर्दूचे नाव मी क्वचितच ऐकले.

आता ज्येष्ठांचा मुद्दा. तो अर्धा खरा आहे. कोकणातला मुसलमान घरी कोकणी बोली बोलतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सोलापूर-बीडकडे घरात दखनी आहे. ‘मेरेकू नक्को’ म्हणणाऱ्या मुलाच्या तोंडी मराठीचा ‘नको’ शेकडो वर्षांपासून नांदतो आहे. उर्दूच्या अभिमान्यांना या दखनीची लाज वाटते. आमच्याच उर्दू वर्गांत तिला चूक म्हणून लाल शाई लागते. वलीचे नाव घेताना मात्र त्यांना औरंगाबाद आठवते!

याचा हिशेब साहित्यात लागतोच. आपल्या कथांमधली दादीअम्मा बघा. निवेदन कसदार मराठी, गल्ली खरी, सालन खरे. आणि दादीने तोंड उघडले की सिनेमातली हिंदी. दखनीचा ठसका क्वचितच उतरतो. लेखकाला कान नाही असे मी म्हणणार नाही. ज्या भाषेशी त्याची कागदावर ओळखच कुणी करून दिली नाही, ती तो अंदाजाने लिहितो. उलट बाजूला, आमच्या उर्दू शाळेतली मुले मराठी शिकतात, २०२० च्या कायद्याने ती सक्तीचीही आहे, आणि ते योग्यच आहे. पण मराठीत कथा लिहिणारा मुसलमान आणि उर्दूत कथा वाचणारा मुसलमान एकाच मोहल्ल्यात राहून एकमेकांना वाचू शकत नाहीत.

आमच्या तालुक्यात काही पालकांनी साधी सूचना केली होती: उर्दू हायस्कूलच्या शिक्षकाने आठवड्याला दोन तासिका शेजारच्या मराठी शाळेत घ्याव्यात, आणि तिथल्या मराठीच्या बाईंनी आमच्याकडे. दोन्ही शाळांमध्ये एक रस्ता आणि एक चहाची टपरी आहे. संचमान्यतेत बसत नाही, असे उत्तर आले.