हात कोणाचा? : मिरवणुकीच्या वादनातील रचनेचा विचार

ढोल-ताशा पथकात 'हात' म्हणजे वाजवण्याची एक बांधलेली रचना. पहिला हात, दुसरा हात, गावठी हात अशी त्यांची नावे असतात. प्रत्येक पथकाला आपला असा एखादा नवा हात हवा असतो आणि गणपतीच्या आधीच्या सरावात तो बसवला जातो. मिरवणूक संपली की मात्र चर्चा दोनच गोष्टींची होते : ढोल किती होते आणि आवाज किती झाला. 2024 साली राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातील पथकांवर तीस वादकांची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरात तिला स्थगिती दिली. तेव्हाचा वादही संख्येचा आणि गोंगाटाचाच होता. ते ढोल नेमके काय वाजवतात, रचना म्हणून ते कसे आहे, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी कोणी काढला नाही.

मी संगीत शिकलेलो नाही. माझे कान तयार झाले ते माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडला, शाळेच्या लेझमीत आणि वरातीच्या हलगीमागे चालताना. त्यामुळे मी हात ऐकतो तो पायांनी. माझ्या मते तपासण्याची पहिली कसोटीही तीच आहे. बैठकीतली रचना ऐकणाऱ्यासाठी असते, मिरवणुकीतली रचना चालणाऱ्यासाठी असते.

अशा रचनेपुढे एक साधी, पण न टाळता येणारी अडचण असते. साठ ढोल चार-चारच्या रांगांत उभे केले तर पंधरा रांगा होतात. दोन रांगांत दोन मीटर अंतर धरले तर पहिली आणि शेवटची रांग यांत 28 मीटर पडतात. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. म्हणजे पुढचा ठोका मागे पोहोचायला सेकंदाचा बारावा हिस्सा लागतो. मिनिटाला 120 पावलांची चाल असेल, तर एक पाऊल अर्ध्या सेकंदाचे आणि त्याचा चौथा भाग सेकंदाच्या आठव्या हिश्शाएवढा. आता पावलाच्या चौथ्या भागावर बांधलेले बारीक काम साठही ढोलांना दिले, तर मागच्या रांगेचा ठोका पुढच्याच्या दोन ठोक्यांमधल्या फटीत जाऊन पडतो. ऐकणाऱ्याला काम ऐकू येत नाही, नुसती घरघर ऐकू येते.

जुन्या वादकांनी हे गणित न मांडता सोडवले होते. बारीक काम ताशाला, पाऊल ढोलाला. ताशे थोडे आणि पुढे, एकत्र. त्यांची तर्री, म्हणजे दोन काड्यांचा तो सलग कडकडाट, हात बदलण्याची सूचना देते. ढोल टिपरूने ठळक ठोके देतो, दुसऱ्या बाजूची थापी मधली जागा भरते. मुळशी-मावळच्या गावठी ढोल-लेझीम पथकांत ही वाटणी स्पष्ट ऐकू येते. शहरात, ज्ञान प्रबोधिनीसारख्या 1962 साली स्थापन झालेल्या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी ढोल-ताशा आणि बरची मिरवणुकीत आणली. त्या वळणाने शिस्त आली, मुली ढोल बांधून उभ्या राहिल्या, हे मोठेच काम झाले. पण नव्या हातांत मला एक दोष वारंवार दिसतो. ढोल वाढले, वाटे वाढले नाहीत. सगळे ढोल एकच वाजवतात आणि नवेपणा आणायचा म्हणून तेच एक अधिक दाट करतात. अमेरिकेतल्या कवायती ढोलपथकांत लहानमोठे, वेगवेगळ्या स्वरांचे ढोल एकेक ठोका वाटून घेतात आणि ओळ सर्वांची मिळून पूर्ण होते. आपल्याकडे साठ जण असूनही रचना एकाचीच राहते. माझे म्हणणे एवढेच : हात चांगला की वाईट हे त्यात किती ठोके भरले यावरून ठरत नाही, कोणते गाळले यावरून ठरते.

'हात' हा शब्द आपल्याबरोबर फार दूरही भेटतो. 1845 पासून उत्तर हिंदुस्थानातले मजूर करारावर त्रिनिदादला गेले. त्यांच्याबरोबर ताशा गेला. तिथे आजही कातडी ताशा आगीवर शेकून चढवतात, आपल्याकडे हलगी शेकतात तशीच. आणि तिथल्या प्रत्येक रचनेला इंग्रजीत 'हँड' म्हणतात. तिथे एक ताशा धरून ठेवतो आणि दुसरा त्यावर कापत जातो. चारच वाद्ये, पण काम वाटलेले.

आता रचना कोणाची, हा प्रश्न. पखवाजात नाना पानसे यांच्या नावाने घराणे चालते, बोल लिहून ठेवले जातात. ताशा-हलगीच्या हाताला असे नाव नाही. याचे कारण वाद्यात नाही, वाजवणाऱ्याच्या जागेत आहे. हलगी हे गावकीचे काम होते आणि ते जातीने लादलेले होते. 1956 च्या धम्मदीक्षेच्या आगेमागे अनेक महार कुटुंबांनी वाजवणे सोडले; त्यांच्यासाठी वाद्य खाली ठेवणे हीच मोकळीक होती. मातंग कुटुंबांतून ते चालू राहिले. ज्याला कलावंत मानलेच नाही, त्याची रचना 'परंपरा' होते.

या चुकीतून मीही सुटलो नाही. आमच्या भागातल्या एका हलगीवाल्या मामांचा वरातीचा हात मी वहीत टिपला होता : आठ ठोक्यांचा फेरा, त्यात सहावा आणि सातवा रिकामा. पुढे मी लिहिले, 'पारंपरिक'. काही वर्षांनी, दसरा झाल्यावर ते ऊसतोडीला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी सहज विचारले, "मामा, हे दोन ठोके गाळायची रीत कुठली?"

"रीत कशाची, भाऊ? म्याच खाल्ले ते. मारुतीपाशी गल्ली वळती. लेझीमवाल्याला अंग फिरवाया जागा नको का?"

गल्लीची रुंदी, वळण, लेझीम धरलेल्या माणसाचा फिरणारा खांदा, एवढ्या सगळ्यांचा विचार त्या दोन न वाजलेल्या ठोक्यांत होता. ही रचनाच आहे, आणि तिला रचनाकार आहे.

वहीतला 'पारंपरिक' हा शब्द मी खोडला आणि तिथे मामांचे नाव लिहिले. पथकांनाही माझी तेवढीच विनंती आहे. नवा हात बसवाल तेव्हा तो कोणी बांधला आणि कोणाकडून उचलला, हे सरावाच्या वहीत एका ओळीत लिहा. ढोल किती होते हे नंतरही मोजता येईल.