'गोलाध्याया'तील आकृष्टिशक्ती आणि न्यूटनचे गुरुत्वाकर्षण : एक चिकित्सा

भास्कराचार्यांनी न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी गुरुत्वाकर्षणाचा नियम शोधला, हे विधान महाविद्यालयीन व्यासपीठांवरून वारंवार ऐकू येते. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा मूळ ग्रंथाच्या आधारे केली आहे. नागपूरच्या अभ्यासकांना या ग्रंथाविषयी विशेष आस्था असावयास हवी. 'गोलाध्याया'चे विल्किन्सनकृत इंग्रजी भाषांतर तपासून १८६१ मध्ये प्रसिद्धीस आणणारे बापूदेव शास्त्री यांनी 'लीलावती' आणि 'बीजगणित' यांचे अध्ययन नागपुरातच केले होते.

'सिद्धान्तशिरोमणी'च्या (इ. स. ११५०) या भागात पृथ्वीच्या ठायी आकृष्टिशक्ती असून ती आकाशातील जड वस्तू स्वतःकडे ओढते, असे भास्कराचार्य निःसंदिग्धपणे म्हणतात. वस्तू पडते असा केवळ भास होतो, ही त्यांची नोंद तर फारच सूक्ष्म आहे. परंतु हे विवेचन पृथ्वीला आधार कोणाचा, या प्रश्नाच्या संदर्भात आलेले आहे. सर्व बाजूंनी आकाश सारखेच असताना ती पडणार कोठे, असा त्यांचा प्रतिप्रश्न आहे. पृथ्वी अखंड पडत आहे, हे बौद्धमत तर ते साफ नाकारतात : वर फेकलेली वस्तू पृथ्वीवर परतते, मग पृथ्वी पडते कशी?

न्यूटनची वाट नेमकी येथेच वेगळी होते. 'प्रिन्सिपिया'नुसार (१६८७) कक्षेत फिरणे म्हणजे सतत पडत राहणे होय. पृथ्वीपृष्ठावरून सोडलेला दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतो. साठ पृथ्वीत्रिज्या दूर असलेला चंद्र तेवढ्याच वेळात सरळ मार्गापासून सुमारे १.४ मिलिमीटर पृथ्वीकडे ढळतो. हे प्रमाण ३६००, म्हणजे साठाचा वर्ग. पृथ्वीही सूर्याकडे अशीच पडत असते. तरी वर फेकलेला दगड परततो, कारण तोही तिच्यासमवेत पडत असतो. भास्कराचार्यांची आकृष्टिशक्ती चंद्रापर्यंत पोहोचतच नाही. सर्व ग्रह दिवसाला सारखीच योजने चालतात, हे सिद्धान्तपरंपरेचे गृहीतकही त्यांना मान्य आहे. वास्तविक बुधाचा वेग सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर, तर शनीचा १० किलोमीटरहूनही कमी आहे.

हा भेद अध्यापनात पुसला गेला की गुरुत्वाकर्षण म्हणजे केवळ खाली ओढणे, एवढेच विद्यार्थ्याच्या हाती उरते. मग उपग्रह गुरुत्वाकर्षणाबाहेर असल्यामुळे पडत नाही, असे पदवीधरही बिनदिक्कत लिहितो. प्रत्यक्षात ४०० किलोमीटर उंचीवरही गुरुत्वत्वरण पृष्ठभागाच्या सुमारे नव्वद टक्के असते.

भास्कराचार्यांचे खरे सामर्थ्य ग्रहाच्या तात्कालिक गतीच्या गणितात आहे, आणि व्यासपीठांवर नेमके तेच अनुल्लेखित राहते. त्यात कलनाचे तत्त्व आहे, असे बापूदेव शास्त्रींनी १८५८ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मांडले. स्पॉटिसवूड यांनी १८६० मध्ये हा दावा अतिरिक्त ठरवला, मात्र गणिताची योग्यता मान्य केली. हा वाद होऊ शकला, कारण शास्त्रींनी गणित पुढे ठेवले होते. गुरुत्वाकर्षणाच्या नियमाविषयीच्या विधानामागे तसे गणित ठेवता येत नाही. 'गोलाध्याया'त ते नाही.