आर्केड खेळांचे पुनरुज्जीवन : एक रूपविचार

एखाद्या कलाप्रकाराचे पुनरुज्जीवन झाले असे म्हटले जाते, तेव्हा तीन निरनिराळ्या गोष्टी पुष्कळदा एकाच नावाखाली आणल्या जातात. जुन्या कृतीचे जतन ही पहिली. तिच्या बाह्य रूपाची अनुकृती ही दुसरी. आणि तिच्या अंगभूत तत्त्वाला नव्या परिस्थितीत पुन्हा कार्यप्रवृत्त करणे ही तिसरी. १९७० च्या दशकात अमेरिकेत व जपानात उदयास आलेल्या आणि नाणे टाकून खेळावयाच्या आर्केड खेळांना एकविसाव्या शतकात जे नवे आयुष्य लाभले आहे, त्याचा विचार करताना हा भेद ध्यानी न घेतल्यास मूल्यमापनात मोठा घोटाळा होतो. चौकोनी ठिपक्यांची चित्रे आणि तुटक यांत्रिक ध्वनी जसेच्या तसे राखले म्हणजे परंपरा राखली, असे एक पक्ष मानतो. दुसऱ्या पक्षास हा सर्व प्रकार गतस्मृतींचा व्यापार वाटतो. दोन्ही पक्ष बाह्य रूपापाशीच थांबतात. आर्केड खेळाचे रूप मुळात कशाने घडले, हा प्रश्न त्यापूर्वी विचारावयास हवा.

त्याचे उत्तर एका अत्यंत व्यावहारिक वस्तूत सापडते. ती वस्तू म्हणजे नाणे. आर्केड यंत्राचा धनी, खेळाडू आणि खेळाचा कर्ता या तिघांचा संबंध नाण्याने बांधलेला होता. धन्यास प्रत्येक डाव लवकर आटोपावा असे वाटे. आपला डाव लांबावा अशी खेळाडूची इच्छा असे. आणि पराभूत खेळाडूच्या मनात पुन्हा नाणे टाकण्याची ओढ उत्पन्न करणे हे कर्त्याचे काम होते. या तिहेरी ताणातून त्या खेळांचे सर्व गुण निष्पन्न झाले. पाहताक्षणी कळणारे नियम, क्रमाक्रमाने वाढणारे काठिण्य, गुणांची नोंद आणि अटळ शेवट हे ते गुण होत. विजय असा तेथे बहुधा नसेच. पराभव किती काळ लांबविता आला, एवढेच मोजले जाई.

तोमोहिरो निशिकाडो यांनी ताइतो या कंपनीसाठी १९७८ मध्ये रचलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ या दृष्टीने अभ्यासनीय आहे. पाच रांगांत प्रत्येकी अकरा याप्रमाणे ५५ शत्रू पडद्यावर आडवे सरकत खाली उतरतात आणि खेळाडू तळाशी राहून त्यांना टिपतो. शत्रू जसजसे घटतात तसतशी उरलेल्यांची चाल वेगवान होते. ही वाढती गती आरंभी योजलेली नव्हती. इंटेल ८०८० हा त्या काळचा प्रोसेसर सर्व शत्रूंना एकदम हलवू शकत नसे. पडद्यावरचे चित्र बदलण्याच्या प्रत्येक क्षणी एकच शत्रू एक पाऊल सरके. त्यामुळे ५५ शत्रूंच्या समूहास एक पाऊल पुरे करण्यास ५५ चित्रक्षण, म्हणजे जवळजवळ एक सेकंद लागे. अखेरचा एकटा शत्रू मात्र प्रत्येक क्षणी सरके. यंत्राच्या या दौर्बल्यातून निघालेला परिणाम निशिकाडो यांनी ओळखला आणि कायम ठेवला. चार स्वरांचा पार्श्वनादही त्याच वेगाने द्रुत होत जाई. यश जवळ येत असतानाच संकट तीव्र व्हावे, हे या खेळाचे नाट्य यंत्राच्या मर्यादेने सुचविले आणि कर्त्याच्या विवेकाने स्वीकारले.

अशा कृतीच्या जतनाचा विचार आता करता येईल. निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये प्रसृत केलेल्या ‘मेम’ या प्रणालीने जुन्या यंत्रांचे वर्तन सर्वसाधारण संगणकावर पुनःस्थापित करण्याचा मार्ग खुला केला. जपानातील हॅमस्टर ही कंपनी २०१४ पासून ‘आर्केड आर्काइव्ह्ज’ या मालिकेतून जुने खेळ एकेक करून प्रकाशित करीत आली आहे. डिजिटल एक्लिप्स यांनी सिद्ध केलेल्या ‘अटारी ५०’ या २०२२ च्या संग्रहात शंभराहून अधिक खेळ कालानुक्रमाने मांडले असून त्यांच्या कर्त्यांच्या मुलाखतीही जोडलेल्या आहेत. वाङ्मयाच्या अभ्यासकास येथे पाठचिकित्सेची आणि सटीप आवृत्तीची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे.

तथापि पाठ शुद्ध राखला म्हणजे प्रयोगही राखला गेला असे होत नाही. १९७९ च्या ‘अ‍ॅस्टरॉइड्स’ या खेळाच्या पडद्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत थेट रेषा ओढीत असे. त्या रेषांची झगमग आजच्या पडद्यावर केवळ अंदाजानेच दाखविता येते. परंतु याहून मोठी हानी अदृश्य आहे. घरी खेळणाऱ्यास कळ दाबताच हवी तितकी कल्पित नाणी मिळतात. अनेक संग्रहांत तर चुकलेला क्षण मागे फिरवून पुन्हा खेळण्याची सोय असते. या सोयींनी मूळ संहितेचे एक अक्षरही बदलत नाही आणि तरीही तिचा अर्थ बदलतो. ज्या शेवटाकडे सर्व रचना धाव घेत होती, तो शेवटच नाहीसा होतो. हॅमस्टरच्या मालिकेत मूळ खेळाबरोबर एक स्पर्धात्मक प्रकार दिला जातो. त्यात खेळाडूस फक्त पाच मिनिटे मिळतात. मध्ये थांबल्यास तो प्रयत्न बाद ठरतो. जतन करणाऱ्यांनाच बंधन पुन्हा निर्माण करावेसे वाटले, ही गोष्ट पुष्कळ काही सांगून जाते.

जतनाकडून नवरचनेकडे वळताना प्रथम ‘स्पेस इन्व्हेडर्स एक्स्ट्रीम’ या २००८ च्या कृतीचा निर्देश करावा लागेल. मूळ खेळाच्या तिसाव्या वर्षी ताइतोने ती हातात धरून खेळावयाच्या यंत्रांसाठी प्रकाशित केली. येथे प्रत्येक गोळीचा आणि आघाताचा नाद चालू संगीताच्या तालात बसविला आहे. एकाच रंगाचे शत्रू सलग टिपल्यास लाभ मिळतो. आणि मधूनमधून लहान आव्हाने येतात. ज्या यंत्रावर ५५ आकृत्या हलविणे हे ओझेच नव्हे, त्यावर वेग केव्हा व किती वाढवावा हा प्रश्न सर्वस्वी रचनाकाराच्या अखत्यारीतला होतो. या कर्त्यांनी मूळच्या द्रुत होत जाणाऱ्या नादातून संगीताचे तत्त्व उचलले आणि ते विस्तारले. हे वाचन मार्मिक आहे. परंतु त्याची एक किंमतही आहे. मूळ खेळातील नाद भयसूचक होता. येथे तो उत्सवी झाला. शत्रूंचे आगमन ही पर्वणी वाटू लागते आणि एकाकी बचावाचा मूळ भाव मागे पडतो.

नवरचनेचे अधिक समर्थ उदाहरण ‘पॅक-मॅन’ च्या इतिहासात आढळते. तोरू इवातानी यांचा हा खेळ नामको कंपनीने १९८० मध्ये आणला. चक्रव्यूहात २४० लहान ठिपके आणि चार मोठे शक्तिदायक ठिपके असतात. चार भुते नायकाचा पाठलाग करतात. प्रत्येक भुताची वागणूक निराळी आहे. तांबडे भूत थेट मागे लागते. गुलाबी भूत नायकाच्या पुढची चार घरे हेरून वाट अडविते. निळसर भुताची चाल तांबड्याच्या स्थानावरही अवलंबून असते. नारिंगी भूत जवळ येताच आपल्या कोपऱ्याकडे परतते. परंतु हे सर्व नियम निश्चित असल्यामुळे तीच वाट चालल्यास भुतेही तशीच वागतात, हे कुशल खेळाडूंनी हेरले. पाठ केलेल्या वाटांच्या बळावर एका नाण्यात तासन्‌तास खेळणे शक्य झाले. २५६ व्या पातळीवर तर मोजणीचा अंक ओसंडल्यामुळे निम्मा पडदा निरर्थक चिन्हांनी भरून जातो. तेथवर कोणी पोचेल हे रचनेत गृहीतच नव्हते. सारांश, नाण्याचे बंधन मूळ कृतीतही निर्दोष नव्हते. नवख्यास ते फार लवकर बाहेर काढी आणि निष्णातापुढे ते निष्प्रभ होई.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘पॅक-मॅन चॅम्पियनशिप एडिशन’ हा खेळ इवातानी यांची खेळ-रचनाकार म्हणून अखेरची कृती मानला जातो. आपल्याच २७ वर्षांपूर्वीच्या रचनेतील हा दोष त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे नेमका हेरला आहे. डावाची कालमर्यादा पाच मिनिटे आहे. चक्रव्यूहाचे डावा व उजवा असे दोन भाग केले आहेत. एका भागातील ठिपके संपविले की दुसऱ्या भागात फळ प्रकट होते आणि ते खाल्ल्यावर पहिल्या भागात नवे ठिपके व नवी वाट येते. त्यामुळे पडदा कधी रिकामा होत नाही आणि खेळात खंड पडत नाही. जीव संपल्यास डाव आधीही आटोपतो, पण सराईतास मृत्यूचे खरे मोल गमावलेल्या सेकंदांत मोजावे लागते. निष्णातासही पाच मिनिटांहून अधिक अवधी मिळत नाही. त्याचे श्रेष्ठत्व त्या अवधीत काय साधले यावरच ठरते. नाण्याची जागा घड्याळाने घेतली आणि बंधनाचे कार्य मात्र अबाधित राहिले. किंबहुना ते अधिक न्याय्य झाले. पुनरुज्जीवन या शब्दाचा पूर्ण अर्थ येथे प्रत्ययास येतो.

याच मालिकेतील पुढील दोन कृती हा निष्कर्ष उलट बाजूने पडताळून पाहतात. २०१० च्या ‘डीएक्स’ या आवृत्तीत झोपलेली भुते जवळून जाताच जागी होऊन मागे लागतात, त्यांची लांबच लांब माळ तयार होते आणि शक्ती प्राप्त होताच नायक ती सबंध माळ गिळतो. टक्कर होण्याच्या बेतात असताना काळ मंदावतो. भय कमी झाले असले तरी शिस्त टिकली आहे. २०१६ च्या दुसऱ्या ‘चॅम्पियनशिप एडिशन’ मध्ये मात्र भुताला धक्का लागल्याने नायक लगेच मरत नाही. वारंवार धक्के बसल्यावरच भूत खवळते. दृश्याचा थाट वाढला आहे, पण भुताचा स्पर्श निरुपद्रवी होताच चक्रव्यूहाची प्रत्येक वळणवाट आपले महत्त्व गमावते. जेथे चुकीचे मोल नाही, तेथे कौशल्यासही मोल राहत नाही.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. नाण्याचे बंधन ही मुळात व्यापाऱ्याची युक्ती होती. मुलांच्या खिशातील पैसे काढून घेणाऱ्या व्यवस्थेला रूपतत्त्वाची प्रतिष्ठा देणे उचित आहे काय? आक्षेपात तथ्य आहे आणि त्या व्यवस्थेचे गुणगान करण्याचे कारण नाही. परंतु कलेच्या इतिहासात बंधनाचे मूळ आणि बंधनाचे फलित या दोन निराळ्या गोष्टी ठरतात. कीर्तीसाठी वा द्रव्यासाठी लिहिलेल्या ग्रंथाचे मूल्य त्या हेतूंनी ठरत नाही. ‘चॅम्पियनशिप एडिशन’ चे महत्त्व यातच आहे की, त्यात द्रव्यलोभ गळून पडतो आणि त्याने घडविलेली घट्ट रचना तेवढी शिल्लक राहते.

उलट आजच्या काही पुनरुज्जीवनांत परावलंबनाचा नवा प्रकार शिरला आहे. ९९ खेळाडूंना एकाच वेळी परस्परांशी झुंजविणारा ‘पॅक-मॅन ९९’ एप्रिल २०२१ मध्ये आला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची ऑनलाइन सेवा बंद झाली. त्याचे प्राणभूत अंग असलेली ती झुंज अडीच वर्षांत इतिहासजमा झाली. १९८० चे लाकडी पेटीतील यंत्र मात्र दुरुस्त करून आजही चालविता येते. जुन्याच्या मानाने नवे अल्पायुषी ठरावे, हा विरोधाभास खेळांच्या भावी अभ्यासकास फार अडचणीचा होणार आहे. कारण जी कृती पुन्हा खेळताच येत नाही, तिची समीक्षा केवळ ऐकीव माहितीवर उभारावी लागेल.

तेव्हा या क्षेत्रातील नव्या कृतींची परीक्षा करताना चित्रे किती जुनी दिसतात हे पाहून भागणार नाही. ज्या पिढीने त्या यंत्रात कधी नाणे टाकले नाही, तिच्या वाट्याला मूळ खेळातील कोणता ताण येतो आणि तो कोणत्या साधनाने निर्माण केला जातो, याचा शोध घ्यावयास हवा. जतनाने संहिता उपलब्ध होते. अनुकृतीने ओळख पटते. परंतु खेळाचा अनुभव पुढे जावयाचा असेल तर त्याचा शेवट, त्याची अवधी आणि चुकीचे मोल ही तिन्ही अंगे पुन्हा रचावी लागतात. इवातानी यांनी आपलीच कृती मोडून ती रचली. त्यांच्या पाच मिनिटांच्या डावात मूळ ‘पॅक-मॅन’ मधील एकही वाट जशीच्या तशी नाही. तरीही तो अनेक तंतोतंत प्रतींहून मूळ खेळास अधिक जवळचा आहे.